डाव्या खिशातला हिंग

वेळशेतमध्ये एकही मूल नाक मुरडता येणारं जन्माला येत नाही, म्हणून तिथल्या नगरपरिषदेने एकोणीसशे अकरा साली मुरड विद्यालय काढलं.

त्याआधी बरीच वर्षं गावाने नुसती वाट पाहिली होती. सुइणींच्या वहीत चार हजार तीनशे बारा जन्मांची नोंद आहे आणि प्रत्येक नोंदीपुढे एकच शेरा आहे: मुरड आढळली नाही. मुलं कुणाकडेही झेपावत. परक्या माणसाच्या मिश्या ओढत, त्याच्या खांद्यावर लाळ गाळत झोपी जात, आणि तो कुठला, कुणाचा, काळा की गोरा याची चौकशीसुद्धा करत नसत. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं म्हणून दुसऱ्या एखाद्या गावाने हात टेकले असते. पण वेळशेतकर कष्टाळू. जे निसर्गाने दिलं नाही ते शिकवून आणायचं असं त्यांनी ठरवलं.

विद्यालयात चार परीक्षा आहेत: प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा आणि विशारद. पुढच्या तीन ज्याच्या त्याच्या हौसेवर, पण प्रारंभिक सक्तीची. पहिलीत प्रवेश घ्यायचा तर जन्माचा दाखला, लसीकरणाचं कार्ड आणि प्रारंभिक उत्तीर्ण झाल्याचं प्रमाणपत्र लागतं. प्रारंभिकला परीक्षक तीनच गोष्टी पाहतात. नाकपुड्या रुंदावल्या का, गाल वर गेले का, डोळे बारीक झाले का. हे तीन मुद्दे संस्थापकांनी स्वतः आरशात पाहून लिहून ठेवले आहेत आणि त्यांत आजवर काना-मात्रेचा बदल झालेला नाही.

शिकून भागत नाही, टिकवावंही लागतं. रोज चाळीस मिनिटं रियाज केला नाही तर नाक आपोआप सरळ होतं. विद्यालयाचे प्रमुख दामूगुरुजी एका वर्षी टायफॉइडने आठवडाभर पडून होते. बरे होऊन बाहेर आले ते समोर दिसलेल्या माणसाच्या थेट गळ्यातच पडले. त्याबद्दल त्यांनी नगरपरिषदेला लेखी खुलासा दिला, आणि तो आजारपण लक्षात घेऊन मान्य झाला.

ते ज्याच्या गळ्यात पडले तो केशव. ही गोष्ट त्याचीच आहे.

मुरड कुणाकडे तरी पाहून मुरडावी लागते. नुसती हवेत मुरडली तर शिंक येते. म्हणून विद्यालयात 'समोरचा' असं एक पद आहे. समोरच्याने स्टुलावर बसायचं आणि मुलांनी त्याच्याकडे पाहून नाक मुरडायचं. पूर्वी त्या जागी कुणा परदेशी माणसाची तसबीर होती. तसबिरीसमोर दिलेली परीक्षा नियमाने ग्राह्य धरत. पण मुलं तसबिरीशी गप्पा मारत बसत, आणि शेवटी तिला वाळवी लागली.

मग एका वर्षी झांजीबारहून आलेलं गलबत खाडीच्या तोंडाशी खडकावर बसलं. त्यावरचा सुतार जुमा दुरुस्तीसाठी आठ महिने गावात राहिला आणि नवव्या महिन्यात त्याने होड्या रंगवणाऱ्यांच्या सुलोचनाशी लग्न केलं. गावाने लग्नाला रीतसर नाक मुरडलं आणि मग पंगतीला बसलं. दोन्ही कामं एकाच मांडवात उरकली. नगरपरिषदेच्या कारकुनाने दाखल्यावर आडनाव लिहिलं झांजीबारकर, कारण कोकणात प्रत्येक माणूस कुठून तरी आलेलाच असतो आणि गावाचं नाव मागे जोडलं की तो इथला होतो. जुमाला समोरच्याच्या पदावर कायम केलं. तो सकाळी स्टुलावर बसे आणि दुपारी गावाची दारं-खिडक्या दुरुस्त करी. वेळशेतमधली निम्मी दारं आजही जुमाच्या हातची आहेत, आणि पावसाळ्यात फुगत नाहीत.

जुमा वारला तेव्हा केशव एकवीस वर्षांचा होता. वडिलांची जागा त्याला अनुकंपा तत्त्वावर मिळाली. फक्त एक अडचण निघाली. केशव हा निम्माच समोरचा होता. आईकडून तो आपला होता. अशा माणसाकडे पाहून नाक मुरडावं तर किती आणि कुठल्या बाजूला, याचा निर्णय करायला तीन जणांची समिती नेमली. डॉक्टर म्हणाले, शास्त्राने सांगता येत नाही. तलाठ्यांनी नकाशा मागितला. तिसरे होते रघुवीर शिंपी. त्यांनी केशवकडे एकदा नीट पाहिलं आणि सांगितलं, शर्टाची बटणपट्टी हीच हद्द धरा. त्या दिवसापासून केशवची डावी बाजू वडिलांची आणि उजवी आईची झाली. कामावर टी-शर्ट घालायला त्याला मनाई झाली, कारण टी-शर्टात हद्द दिसत नाही.

गावाची वागणूक त्याबरहुकूम होती आणि तीत दुष्टपणा नव्हता, हे सांगायला हवं. बाजारात भेटणारी माणसं डावीकडून आली तर नाक मुरडत, मग वळसा घालून उजवीकडे येत आणि यंदा आंबा कसा आहे म्हणून विचारत. घाईत असलेली माणसं दोन्ही वगळून नुसतीच पुढे जात. संक्रांतीला तिळगूळ उजव्या हातावर मिळे. केशव स्वतः प्रारंभिक पहिल्या वर्गात उत्तीर्ण, त्यामुळे रोजचा रियाज त्यालाही चुकलेला नव्हता. तो आरशासमोर बसून करी, कारण घरात समोरचं असं दुसरं कुणी नव्हतं.

काम मात्र तो मन लावून करायचा. एखाद्या मुलाला जमत नसलं तर मान जरा वर घे, घाई करू नको, असं हळूच सांगायचा. वर्ग सुटला की उजव्या खिशातून प्रत्येकाला दोन दोन भाजके चिंचोके द्यायचा. कुणी विचारलंच, तर म्हणायचा, सवय आहे. सवय हा शब्द त्याच्या बोलण्यात फार यायचा.

उजव्या खिशात चिंचोके आणि डाव्या खिशात हिंग. या हिंगाची हकिगत अशी.

केशव सहा वर्षांचा झाला तेव्हा त्यालाही प्रारंभिकला बसावं लागलं, आणि समोर स्टुलावर त्याचे वडील. पोराला काही केल्या जमेना. वडील दिसले की तो हात पुढे करी. तीन महिने असे गेले. तेव्हाच्या गुरुजींनी, म्हणजे दामूगुरुजींच्या वडिलांनी, डोकं चालवलं. एके दिवशी केशव वर्गात आला आणि वडिलांकडून त्याला भयंकर वास आला. आपोआप नाक आक्रसलं, डोळे बारीक झाले. गुरुजींनी पाठ थोपटली. जुमाही स्टुलावरून म्हणाला, "छान जमलं रे, बाळा." तो खरंच खूश झाला होता, कारण आता पोराला शाळेत जाता येणार होतं.

केशव शाळेत गेला. पण तो वडिलांच्या मांडीवर पुन्हा बसला नाही. माझ्या वडिलांना वास येतो, हे त्याला पक्कं कळलं होतं, आणि जे पक्कं कळलं ते त्याने पंधरा वर्षं कुणाला विचारलंही नाही. जुमाने कधी तक्रार केली नाही. तो पोरापासून हातभर अंतर ठेवून बसू लागला, इतकंच.

नोकरीच्या पहिल्या दिवशी दामूगुरुजींनी केशवच्या हातात एक कापडी पुरचुंडी ठेवली. आत कच्च्या हिंगाचे खडे होते. ही डाव्या खिशात ठेवायची, ते म्हणाले, मुलांना सोपं जातं, तुझ्या वेळेपासूनची पद्धत आहे. तेव्हा केशवला कळलं की तो वास वडिलांचा नव्हताच. तो विद्यालयाचा होता. जुमा जाऊन तोवर दोन महिने झाले होते. केशवने पुरचुंडी खिशात ठेवली आणि स्टुलावर जाऊन बसला. ती लाज त्याला त्यानंतर कधी सोडून गेली नाही. लग्न झाल्यावर त्याने बायकोला एवढंच सांगितलं, की आपल्या घरात हिंग नको. इंदूने कारण विचारलं नाही. बिनहिंगाच्या आमटीला काही अर्थ नाही असं ती आठवड्यातून एकदा बोलून दाखवायची, पण हिंगाची डबी तिने कधी आणली नाही.

त्यांची मुलगी शेवंती त्या जूनमध्ये सहा वर्षांची झाली.

शेवंतीला वाचायचं होतं. रस्त्याने जाताना ती प्रत्येक पाटी ठणठणीत आवाजात चुकीची वाचायची. दवाखान्याच्या पाटीवर तिच्या मते 'इथे पेरू मिळतात' असं लिहिलं होतं. दप्तर तिने एप्रिलमध्येच विकत घ्यायला लावलं होतं आणि जेवतानाही ती ते पाठीवरून उतरवत नसे. आणि नगरपरिषदेची नोटीस आली, की शेवंती केशव झांजीबारकर हिने प्रारंभिकच्या वर्गास हजर राहावं.

केशव नोटीस घेऊन दामूगुरुजींकडे गेला. गुरुजी ओटीवर बसून रियाज करत होते. तो डावीकडून आला म्हणून त्यांनी आधी नाक मुरडलं, मग त्याला वळसा घालून यायला सांगून चहा मागवला. दोघांची वीस वर्षांची बैठक होती. गुरुजींचं वर्तमानपत्र दुपारी केशवच्या घरी जाई आणि शब्दकोडं तो पुरं करून पाठवी.

"गुरुजी, तिला सूट मिळेल का?" केशवने विचारलं.

गुरुजींनी नियमपुस्तिका काढली, चष्मा पुसला आणि बराच वेळ वाचलं. "परीक्षार्थी समोरच्याचा नातेवाईक असल्यास हरकत नाही," ते म्हणाले. "पूर्वोदाहरण आहे."

"कुणाचं?"

"तुझंच."

मग केशवने विचारलं, की हे शिकवायलाच हवं का.

"शिकवल्याशिवाय येतच नाही ना," गुरुजी म्हणाले. "शंभर वर्षांत एकालाही आपणहून आलं नाही. म्हणून तर शिकवतो."

"आणि नाहीच शिकवलं तर?"

गुरुजींनी या प्रश्नाचा प्रामाणिकपणे विचार केला. ते वाईट गृहस्थ नव्हते. "अरे, पण विद्यालय आहे," ते म्हणाले. चहा आला आणि दोघांनी तो प्यायला.

घरी इंदूने सगळं ऐकून घेतलं. इंदू ही जवळच्याच गावची, तिथे विद्यालय नाही, त्यामुळे तिला मुरडता येत नाही आणि वेळशेतमध्ये ती अशिक्षित समजली जाते. ती म्हणाली, पास झाली तर तुमच्याकडे बघून नाक मुरडेल आणि नापास झाली तर जन्मभर दवाखान्यात पेरू मागेल, यातलं बरं काय ते तुम्हीच ठरवा. केशव दोन दिवस जेवला नाही धड. पोरीने आपल्यापासून हातभर लांब बसावं ही कल्पनाही त्याला सोसवेना. आणि तिसऱ्या दिवशी त्याने ठरवलं, की पोरगी शाळेत जाईल. आपल्या वडिलांनी त्या दिवशी स्टुलावर बसून नेमकं काय केलं होतं, हे त्याला तेव्हा पुरतं कळलं.

वर्ग सुरू झाला. अकरा मुलं होती. पहिल्या दिवशी दहा मुलांची नाकं हिंगाच्या वासाने पटापट आक्रसली. शेवंती पुढे आली, तिने वास घेतला, आणि तिचा चेहरा दिवा लावल्यासारखा उजळला. ती धावत जाऊन केशवच्या मांडीवर चढली, तीही डावीकडून.

दामूगुरुजींनी तिला उतरवून पुन्हा उभं केलं. पुन्हा तेच. त्यांनी हिंग दुप्पट केला. ती दुप्पट वेगाने धावली. गुरुजी चक्रावले. चौतीस वर्षांत हिंग कधी फसला नव्हता.

कारण साधं होतं, पण ते विद्यालयात बसून कळण्यासारखं नव्हतं. एकोणीस वर्षं हिंग खिशात बाळगून तो वास केशवच्या शर्टात, केसांत, सायकलच्या सीटमध्ये जाऊन बसला होता. त्याच्या घरात फोडणीला हिंग नाही. म्हणजे जन्मल्यापासून शेवंतीला तो वास एकाच वेळी यायचा, संध्याकाळी साडेपाचला, दार वाजलं की. हिंग म्हणजे बाबा आले. गुरुजी तिला नाक मुरडायला जे हुंगवत होते ते हुंगून ती दर वेळी आनंदाने वेडी होत होती.

केशवने घरी शिकवणी घेतली. असला बाप शोधून सापडायचा नाही, पण त्याने ती घेतली. तो पडवीत तिच्यासमोर बसे आणि डोळे बारीक करून दाखवी. तिने केले की म्हणे, आता गाल वर. मग ती त्याच्या तोंडाकडे पाही आणि खो खो हसत सुटे. शेवटी त्याने मन घट्ट करून विचारलं, "शेवंते, बाबांना वास येतो ना गं?"

"येतो की," ती म्हणाली. "छान येतो."

केशव उठून मागच्या दारी गेला आणि विहिरीपाशी थोडा वेळ उभा राहिला. नंतर त्याने शिकवणी बंद केली.

परीक्षेला जिल्ह्याच्या मंडळाकडून वाघचौरेबाई आल्या. त्यांना त्या महिन्यात नऊ गावं करायची होती आणि पाचच्या एस.टी.ने परत जायचं होतं. नियमांच्या बाहेर त्या कधी गेल्या नव्हत्या. त्यांच्या पिशवीत छापील तक्ता, गालांची उंची मोजायची फूटपट्टी आणि नाकपुड्यांसाठी पितळी मापक होतं. पालक भिंतीशी बसले. केशव स्टुलावर, डावी बाजू मुलांकडे, डाव्या खिशात हिंग. त्याने शर्टाची सगळी बटणं लावली होती. इंदू भिंतीशी शेवंतीचं दप्तर मांडीवर घेऊन बसली होती.

दहा मुलांनी नाकं मुरडली. नाकपुड्यांची वाढ दोन मिलिमीटर, कुणाची अडीच. कुणाला साठ गुण, कुणाला पासष्ट. अकरावी शेवंती.

ती रेषेवर उभी राहिली. घरून निघताना इंदूने तिला बजावलं होतं, की काहीही झालं तरी जागची हलू नको. तिने मुठी आवळल्या. वास आला. तिच्या नाकपुड्या फुलल्या, गाल वर चढले ते डोळ्यांपर्यंत गेले आणि डोळ्यांच्या दोन फटी राहिल्या. वाघचौरेबाईंनी मापक लावलं आणि पुन्हा लावलं. चार मिलिमीटर. त्यांनी तिन्ही रकान्यांत खुणा केल्या. तेवढ्यात शेवंतीचा धीर संपला आणि ती धावत जाऊन बापाच्या गळ्यात पडली.

"बाई, ती हसते आहे," दामूगुरुजी म्हणाले.

वाघचौरेबाईंनी तक्ता वरून खालपर्यंत पाहिला, मग उलटून मागची बाजू पाहिली. "हसणं असा रकाना नाही," त्या म्हणाल्या.

"पण भाव चुकीचा आहे."

"भाव असाही रकाना नाही, गुरुजी. नाकपुड्या रुंदावल्या. गाल वर गेले. डोळे बारीक झाले. आणखी काय हवं?"

गुरुजींनी नियमपुस्तिका मागवली. आणखी काही नको होतं. बाईंनी जागा सोडल्याबद्दल दोन गुण कापले आणि शेवंतीला अठ्ठ्याण्णव दिले. विद्यालयाच्या इतिहासात इतके गुण कुणालाही मिळाले नव्हते. याआधीचा उच्चांक चौऱ्याण्णवचा होता, तो दामूगुरुजींचाच, ते सहा वर्षांचे असतानाचा. केशवला यातलं काहीच ऐकू गेलं नाही. त्याने पोरीला धरून ठेवलं होतं आणि तिचे दोन्ही पाय बटणपट्टीच्या दोन्ही बाजूंना लोंबकळत होते.

सुंठीवाचून खोकला गेला, असं इंदू म्हणाली आणि तिने दप्तर शेवंतीच्या पाठीवर चढवलं. पण प्रकरण तिथे संपलं नाही. नियम असा आहे, की सर्वांत जास्त गुण मिळवणाऱ्याची मुरड ही आदर्श धरावी आणि तिचा फोटो वर्गात लावावा. साठ वर्षं तिथे छोट्या दामूचा आंबट चेहरा होता. तो उतरवून शेवंतीचा लावला. त्यात तिचा पुढचा दात पडलेला दिसतो. दुसरा नियम असा, की गावातल्या प्रत्येकाने आपलं प्रमाणपत्र दर पाच वर्षांनी नवं करून घ्यावं, आणि ते आदर्शाबरहुकूम. नूतनीकरणाचं वर्ष नेमकं तेच होतं.

सगळं गाव विद्यालयात रांगेने येऊ लागलं. फोटोकडे पाहायचं, केशवकडे पाहायचं आणि फोटोसारखं करायचं. पहिले काही दिवस अवघड गेले. जुन्या वळणाची माणसं, चेहरा अर्ध्यात अडकायचा. बबनशेठ खोताचं नाक तिसऱ्या दिवशीही जुन्याच वळणावर गेलं आणि त्यांनी हवामानाला दोष दिला. ते अजून दर मंगळवारी येतात. त्यांना जमेल याची खात्री नाही. पण बहुतेकांना आठवड्याच्या आत जमलं, कारण सगळे सुइणीच्या वहीतलेच होते.

दामूगुरुजींनी स्वतःसाठी वर्षभराची मुदत मागून घेतली होती. त्यांना ते चौथ्या दिवशी आलं. रिकाम्या वर्गात ते केशवसमोर उभे होते, डावीकडे, आणि अचानक त्यांचा अडुसष्ट वर्षांचा चेहरा फुलला.

"केशव, हे इतकं सोपं होतं?" त्यांनी विचारलं. "मी साठ वर्षं रोज चाळीस मिनिटं काढली रे."

केशवने त्यांना दोन चिंचोके दिले.

केशवचं पद अजून आहे. स्टूल आहे, पुरचुंडी आहे. हिंगाशिवाय मुरड बरोबर येत नाही असा आता अनुभव आहे, आणि शेजारच्या दोन गावांनी पद्धत समजून घ्यायला माणसं पाठवली आहेत. डावी बाजू कुठली आणि उजवी कुठली हे लोकांच्या लक्षात राहीनासं झालं आहे. रघुवीर शिंप्यांनी विचारणा केली, की हद्द आता पाळायची की नाही. फाइल नगरपरिषदेत आहे. निर्णय होईपर्यंत केशवने निळा टी-शर्ट घेतला आहे.

शाळा सुरू होऊन महिना झाल्यावर त्याने मंडळाला एक अर्ज केला. 'माझा चौतीस वर्षांपूर्वीचा प्रारंभिकचा निकाल सदोष आहे. तेव्हा मला पहिला वर्ग मिळाला, तो चुकून मिळाला. मला फेरपरीक्षेस बसू द्यावं.' समोरच्याच्या जागी कोण, असं मंडळाने उलट विचारलं. त्याने जुना नियम कळवला, की तसबीर ग्राह्य आहे.

वाघचौरेबाई एका रविवारी घरीच आल्या. पडवीत स्टुलावर जुमाचा फोटो ठेवला. मतदार ओळखपत्रावरचा मोठा करून घेतलेला, त्यामुळे जरा पुसट. केशवने आपल्या डाव्या खिशातली पुरचुंडी काढून फोटोपुढे ठेवली आणि तो हातभर अंतरावर बसला. मग तो जवळ सरकला. बाईंनी परीक्षार्थी रेषेच्या पुढे आल्याचं पाहिलं, पण पडवीत रेष आखलेली नव्हती.

केशवने श्वास घेतला. त्याच्या नाकपुड्या रुंदावल्या. गाल वर गेले. डोळे बारीक झाले आणि त्यांतून पाणी वाहू लागलं. पाण्यासाठी रकाना नाही, त्यामुळे बाईंनी ते नोंदवलं नाही. त्यांनी मापक दोनदा लावलं, तिन्ही खुणा केल्या आणि जेवायला थांबता येईल का असं इंदूने विचारल्यावर घड्याळाकडे पाहून थांबता येईल म्हणाल्या.

इंदू आत गेली. फोटोपुढची पुरचुंडी तिने जाताना उचलली होती. थोड्या वेळाने त्या घरात पहिल्यांदाच हिंगाची फोडणी पडली आणि वास पडवीपर्यंत आला. परसात चिंचोक्यांनी खेळणारी शेवंती तिथूनच ओरडली, "आई, बाबा आले का?"

केशव सकाळपासून घरातच होता. त्याने फोटोकडे पाहिलं.

"आले," तो म्हणाला.